राणीच्या मुकुटाचा बिल्ला

आमचं कासाराचं दुकान मालवणच्या बाजारपेठेत होतं आणि घर दुकानाच्या पाठीमागे. पुढे बांगड्या, मध्ये भांडी, आणि मधल्या दाराच्या आतल्या बाजूला मोडीचं पोतं. फुटका तांब्या, चेपलेली परात, कान तुटलेलं तपेलं असं जे काही लोक देऊन जात आणि नवं भांडं घेऊन जात, ते सगळं त्या पोत्यात पडायचं. पोतं भरलं की वितळवायला कुडाळच्या ओताऱ्याकडे जायचं. शाळेतून आल्यावर पेज आणि भाजलेला बांगडा खाऊन मी त्या पोत्याशी बसायची आणि तांबं वेगळं, पितळ वेगळं, कासं वेगळं करायची. मागच्या गल्लीत तांबटांची ठोकठोक दिवसभर चालू असायची. ती थांबली की जेवायची वेळ झाली हे आईला घड्याळ न बघता कळायचं. धातू ओळखायला मला बाबांनी डोळ्यांनी नाही, कानांनी शिकवलं. टिचकी मारायची आणि ऐकायचं. कासं लांब वाजतं, पितळ थोडं वाजून थांबतं.

या मोडीत मला पलटणीचे बिल्ले सापडायला लागले. आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक वाडीतला कोणी ना कोणी लढाईवर गेलेला. ते लोक परत आले, त्यांच्या ट्रंका माळ्यावर गेल्या, देश स्वतंत्र झाला, आणि मग कधीतरी घर सारवताना कुणाच्या तरी बायकोने ट्रंक उघडून टोपीचा बिल्ला, खांद्यावरची पितळी अक्षरं, कोटाची बटणं, सगळं एका फडक्यात बांधून आमच्याकडे आणून टाकलं. तोळा-दोन तोळ्यांचं पितळ. बाबांना त्यात काही वाटत नसे. मला मात्र ते मोडीत जाऊ द्यावंसं वाटेना. शिंग, हत्ती, किल्ला, तारा, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मुकुट. मी त्यांच्याऐवजी तेवढ्याच वजनाचं दुसरं पितळ पोत्यात टाकायची आणि ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. बांगड्यांच्या दुकानातल्या मुलीला बांगड्यांचं वेड नाही आणि सोजिरांच्या बिल्ल्यांचं आहे, याचं आईला फार हसू यायचं. आज माझ्याकडे शंभराच्या वर बिल्ले आहेत, आणि सून म्हणते की तुमच्या पिढीतल्या बायका साड्या जमवायच्या.

ओळखायला शिकवलं ते कोळंबच्या सुभेदारांनी. खाडी ओलांडून होडीने त्यांच्याकडे जावं लागे. ताठ माणूस, पांढऱ्या मिशा, दोन्ही लढाया पाहिलेला. वाडीतल्या लोकांशी मालवणीत बोलायचे, पण बिल्ल्याबद्दल बोलायला लागले की पलटणीतली मराठी-हिंदी सुरू व्हायची. पहिल्याच खेपेला मी आमसुलाच्या आंबट रसाने, आगळाने घासून लखलखीत केलेले सहा बिल्ले घेऊन गेले, तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, “अगं, घासलंस कशाला? वीस वरस सिपाही घासत होता, हत्तीची अर्धी सोंड त्याने घालवली, उरलेली तू.” मग त्यांनी प्रत्येक बिल्ला उलटा करून दाखवला. बिल्ला पाठीमागून वाचायचा असतो. ठशावर दाबून केलेला असेल तर पुढचा उंचवटा मागे खोल दिसतो. ओतून केलेला असेल तर मागे सपाट आणि वाळूसारखा खरबरीत, म्हणजे कुठल्यातरी बाजारात केलेली नक्कल. मागे कड्या आहेत की पट्टी हे बघायचं. कोटाच्या गळ्यावरचे बिल्ले जोडीने असतात, एकातलं जनावर डावीकडे बघतं, दुसऱ्यातलं उजवीकडे, म्हणून एकच मिळाला तर दुसरा कुठेतरी आहे असं समजायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा मुकुट. राजाच्या मुकुटाच्या कमानी फुगीर, डेऱ्यासारख्या वर जातात. त्याच्याआधीच्या जुन्या राणीच्या मुकुटाच्या कमानी मधे दबलेल्या असतात. “राजा गेला, मुकुट बदलला. मुकुटावरून साल समजतं,” ते म्हणायचे. माझ्या डब्यात सगळे राजाचे होते. जुन्या राणीचा एक तरी मिळावा म्हणून मी किती पोती उपसली असतील.

आता भामाकाकीबद्दल सांगायला हवं. नावं मी बदलली आहेत, आणि जिला विचारायला हवं होतं तिला विचारूनच हे लिहिते आहे. भामाकाकी देवबागच्या वाटेवर राहायची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा सुभेदारांच्या हाताखाली भरती झाला. ते रजेवर आले असताना वाडीतल्या चार पोरांना बरोबर घेऊन गेले, त्यातला तो एक. पलटण सिंगापूरला गेली, तिथे जपान्यांनी सगळ्यांना पकडलं, आणि सरकारचं एक पत्र आलं की तुमचा माणूस बेपत्ता आहे. लढाई संपल्यावर दुसऱ्या कँपातून सुभेदार सुटून आले, तो आला नाही. त्या पत्रानंतर अठरा वर्षं काहीच नाही. भामाकाकी दरवर्षी नागपंचमीच्या आधी आमच्या दुकानात येऊन हिरव्या बांगड्या भरायची. बाबा तिच्या हाताला तेल लावताना एरवीसारखी थट्टामस्करी करत नसत. बाजारातली प्रत्येक बाई तिला विचारायची, “काय गो, काय बातमी?” आणि ती म्हणायची, “नाय गो.” इतकंच.

मी अकरावीत होते त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास आगबोटीने हसनभाई घरी आला. हसनभाई आमच्या बाजारातल्याच एका मुसलमान घरातला, मोठ्या जहाजावर खलाशी, दोन-तीन वर्षांनी एकदा यायचा आणि सगळ्यांना साबणाच्या वड्या वाटायचा. या खेपेला तो सरळ भामाकाकीच्या घरी गेला आणि एक पुडकं तिच्या पुढ्यात ठेवलं. त्यात कातडी पट्टा होता आणि एक बिल्ला. सिंगापूरला कुणा ओळखीच्या माणसाने त्याच्याकडे दिलं होतं. तुझा घोव जपान्यांच्या कँपातच उपासमारीने मेला, ही त्याची निशाणी, असं त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बायकांनी विहिरीवर तिच्या बांगड्या फोडल्या. बाबांना हे कळलं तेव्हा ते जेवत होते. ते पानावरून उठले नाहीत, पण पुढे भात घेतला नाही.

दोन महिन्यांनी भामाकाकी दुकानात आली. मोकळे हात पदराखाली. नांदगावला तिची बहीण वारली होती, पाठी पाच वर्षांची मुलगी नलू, आणि मेहुणा दुसरं लग्न करणार होता. नलूला भामाकाकी दत्तक घेणार होती. मुलगी दत्तक घेतात हे आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं, पण नवीन कायद्याने चालतं असं वकिलाने सांगितलं होतं. कागद होणार होता, आणि नवरा वारल्याचं पलटणीतला माणूस म्हणून सुभेदार वकिलाच्या सांगण्यावरून लिहून देणार होते. नलूला स्वतःचं ताट-तांब्या घ्यायला ती आली होती. त्याच्या बदल्यात तिने जुनी घागर दिली, आणि फडक्यातून त्या पट्ट्याचं बक्कल आणि बिल्ला काढून ठेवला. बाबांनी बक्कल घेतलं. बिल्ला हातात घेऊन टिचकी मारली, आणि परत दिला.

“भामा, ह्या पितळ न्हय गो. हलक्या कसल्या तरी धातूचा आसा. ओतारी घेवचो नाय.”

“मगे टाकून दी.”

“आमच्या मंगलेक दी. तिका ह्येचो नाद आसा.”

तिने माझ्याकडे न बघताच तो माझ्या हातात ठेवला. मी मुकुट बघितला. कमानी मधे दबलेल्या होत्या. जुन्या राणीचा! साठ वर्षांपूर्वीचा बिल्ला माझ्या हातात होता, सोन्यासारखा पिवळा. एवढ्या वर्षांत एकही डाग कसा पडला नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही.

रविवारी सकाळी पहिल्या होडीने मी कोळंबला गेले. सुभेदार पडवीत सुपाऱ्या निवडत होते. मी बिल्ला त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, “जुन्या राणीचा!” त्यांनी भिंग घेतलं. पुढून बघितला, मागून बघितला. मग हातात उडवून बघितला, जसं बाबा नाणं बघायचे.

“वजन बघितलंस?”

“हलका आहे. बाबा म्हणाले पितळ नाही.”

“आणि तरी तू जुन्या राणीचा म्हणतेस? जुन्या राणीच्या काळात हा धातू बिल्ल्याला नव्हता. राजाच्या काळातसुद्धा नव्हता.”

ते आत गेले आणि दोऱ्याने बांधलेला कार्डांचा गठ्ठा घेऊन आले. त्यांचे एक जुने साहेब विलायतेहून दर नाताळला त्यांना कार्ड पाठवत, आणि त्यावर तिकडच्या गोऱ्या पलटणीची उठावदार छापलेली निशाणी असायची. त्यांनी कार्डं एकेक करून पडवीच्या कठड्यावर मांडली. जुन्यांवर फुगीर मुकुट. अलीकडच्या पाच-सहांवर मुकुट बदललेला, कमानी मधे दबलेल्या. “आत्ताची राणी गादीवर बसली, तिने मुकुट जुन्या राणीसारखा केला,” ते म्हणाले. “आणि हा न घासता चमकणारा धातूही त्यानंतरचाच. हा बिल्ला फार तर सहा-सात वर्षांचा आहे, पोरी. कोणी दिला?”

मी मोठ्या फुशारकीने सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज उतरत गेला, कारण काय झालं आहे ते माझ्या लक्षात आलं. सतरा-अठरा वर्षांपूर्वी कँपात मेलेल्या माणसाची निशाणी सहा वर्षांपूर्वी घडवलेली असू शकत नाही.

सुभेदारांनी कार्डं गोळा करून दोऱ्याने बांधायला घेतली. मग म्हणाले, “गुरुवारी मला सही करायची आहे. तो मेला म्हणून. मी खोट्यावर कधी सही केली नाही.” आणि गाठ मारताना, “तिला सांगायला पाहिजे. तू सांग.” दोन लढाया पाहिलेला माणूस, आणि सोळा वर्षांच्या पोरीला म्हणतो तू सांग. तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, त्या घराच्या पायरीवर उभं राहायची त्यांची हिंमत अठरा वर्षांत एकदाही झाली नव्हती, ती त्या दिवशी कुठून होणार?

दुपारी आईने सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं सार केलं होतं, मी ते तसंच ठेवलं. चार वाजता मी देवबागच्या वाटेला लागले. भामाकाकी अंगणात चटईवर सोलं वाळत घालत होती, हात कोकमाच्या रसाने लालभडक. नलू त्याच रसाने पायरीवर बोटं उमटवत होती. मी बिल्ला काढला आणि मुकुटापासून सुरुवात केली. राजाचा मुकुट, राणीचा मुकुट, धातू, नाताळची कार्डं, सगळं शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं एका दमात सांगितलं. ती सोलं पसरत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, “नलग्या, मांगरात जा आणि कोंबडेक दाणे घाल.” नलू घरामागच्या खोपटाकडे गेली.

“खात्री आसा तुका?”

“आसा.”

“माका पुडक्या सोडलंय तेव्हाच कळला होता,” ती म्हणाली.

तिने आतून तो पट्टा आणला. बक्कल काढलेला, नुसता कातड्याचा. “ह्यो नाकाक लाव. पेटयेत वर्सानवर्सां पडलेल्या कातड्याक बुरशीचो वास येता. ह्येका मानसाच्या घामाचो वास आसा. आणि ह्या बघ.” पट्ट्याला पाच भोकं होती. चार जशीच्या तशी, आणि शेवटचं, सगळ्यात बाहेरचं, वापरून वापरून लांबोडकं झालेलं. “जाडो झालो मा तो. कँपात उपाशी मेलेलो मानूस जाडो कसो होतलो?”

मुकुट आणि कमानी आणि भिंग, हे सगळं मी दोन वर्षं शिकत होते. तिने पट्ट्याचं एक भोक बघितलं होतं.

पुडकं आलं त्याच संध्याकाळी तिने हसनभाईला गाठलं होतं. तो रडला आणि खरं बोलला. नवरा सिंगापूरला आहे, गोऱ्यांच्या छावणीत कोठीवर काम करतो, तिकडची बायको आहे, दोन मुलगे आहेत. त्यानेच हसनभाईला पट्टा आणि बिल्ला दिला आणि सांगितलं, भामाला सांग मी मेलो, तिची तरी सुटका होऊ दे.

“मगे तुमी बांगडये कित्या फोडूक दिलात?” मी विचारलं. मला रडू येत होतं, तिला नाही.

“अठरा वर्सां सगळी माका इचारीत, काय बातमी? आता कोण इचारणा नाय.” तिने पट्टा गुंडाळला. “आणि ह्या चेडू. घोव जितो आसा म्हटलंय तर माका दत्तक घेवक गावाचा नाय, वकिलान सांगल्यान. सावत्र आयेच्या हातात जायत ता.” मग एकदम तिने माझ्या मनगटाला धरलं. “तू कोणाक सांगलंस?”

“सुभेदारांना.”

तिने हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला. मांगरातून नलूला बोलावून कडेवर घेतलं, पाच वर्षांचं मोठं पोर, आणि माझ्या पुढे चालायला लागली. खाडीवर येऊन होडीत बसली.

सुभेदार तिला बघून पडवीतून खाली उतरले. बसा म्हणाले, ती बसली नाही. अंगणातच उभी राहून म्हणाली, “सुभेदारानू, तेका तुमी नेलात. माझ्या दारातसून नेलात. मी तुमका कधी इचारूक इलंय? परत कित्या हाडलात नाय म्हणान इचारलंय?”

“नाय,” सुभेदार म्हणाले.

“अठरा वर्सांत तुमी एकदा तरी इलात? भामा, तू जिती आसस काय मेलंस, इचारलात?”

“नाय.”

“मगे आता ह्या चेडवाक आडवू नकात.”

नलू तिच्या खांद्यावर झोपली होती. सुभेदारांनी मान खाली घातली. “भामा, मी खोटां लिवचंय नाय,” ते हळू आवाजात म्हणाले. “माका जमाचा नाय ता.” ती तशीच वळून होडीकडे गेली. मी मधे उभी. सुभेदारांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. परतीच्या होडीत मला वाटत होतं, एका बिल्ल्याच्या नादापायी मी या बाईचं उरलंसुरलं सगळं घालवलं. चार दिवस मी डबा उघडला नाही.

गुरुवारी नलूचा बाप नांदगावहून आला. भटजी आले, वकिलाचा कारकून कागद घेऊन आला. बाबा आणि मीही गेलो होतो, बाबांच्या हातात नवं ताट आणि तांब्या. विधी उरकला. बापाने नलूला उचलून भामाकाकीच्या मांडीवर ठेवलं. सुभेदारांचा पत्ता नव्हता. कारकून दोनदा म्हणाला, साक्षीदाराशिवाय कागद पुरा कसा होणार. भामाकाकी नलूच्या केसांवरून हात फिरवत बसली होती, जणू तिला ऐकूच येत नव्हतं. आणि मग सुभेदार आले. काळा कोट, छातीवर पदकं, अंगावरून घाम निथळत होता. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला, आणि ओळ न ओळ वाचली. एका ठिकाणी थांबून कारकुनाला म्हणाले, “हे ‘मयत झाला असून’ खोडा. मी सांगतो तसं लिहा.”

कारकुनाने टाक उचलला. सुभेदार एकेक शब्द उभा करून बोलल्यासारखे सांगू लागले. “सदर इसमास मी स्वतः भरतीस नेले. सरकारने तो बेपत्ता असल्याचे कळविले. तेव्हापासून अठरा वर्षे त्याने आपल्या पत्नीस एक पत्र लिहिले नाही, खुशाली कळविली नाही, तिचा सांभाळ केला नाही. हे मी जाणतो.”

“एवढ्यावर भागेल?” नलूच्या बापाने विचारलं.

“सात वर्षं खबर नसली की कायदा माणूस गेलाच धरतो,” कारकून म्हणाला. “भागेल.”

सुभेदारांनी सही केली. त्यातला शब्द न शब्द खरा होता. सही झाल्यावर ते भामाकाकीपुढे जाऊन उभे राहिले. तिने नवं ताट पुढे ओढलं, त्यात खापरोळ्या वाढल्या, वर नारळाचा रस घातला आणि त्यांच्या हातात दिलं. नलूच्या ताटातलं पहिलं जेवण सुभेदार जेवले. त्या दिवसापासून दर महिन्याला, खाडीला उधाण नसलं तर, ते देवबागच्या वाटेवर त्या घरी जाऊन बसायचे, अगदी पाय चालेनासे होईपर्यंत.

बिल्ला मी भामाकाकीला परत द्यायला गेले होते. ती म्हणाली, “रवांदे तुझ्याकडे. खंयचो, ता कोणाक सांगा नको.” तो माझ्याकडे आहे. मागे पुण्याचे एक जमवणारे गृहस्थ माझा संग्रह बघायला आले होते. त्यांनी तो उचलला, उलटा केला आणि ठेवून दिला. असे लाखो निघाले, याला काही किंमत नाही, म्हणाले. बरोबरच आहे ते. हसनभाई पुढच्या खेपांना यायचा तेव्हा भामाकाकी त्याला सोलं बांधून द्यायची. ती कुणाच्या घरी पोचायची, हे मी विचारलं नाही.

नलू शिकली, मालवणातच शिक्षिका झाली, आणि तिचं लग्न ठरलं तेव्हा बाबा गेले होते आणि दुकान मी चालवत होते. पत्रिका छापायची म्हणून भामाकाकी मला बरोबर घेऊन बाजारातल्या छापखान्यात गेली. मालकाने मजकूर लिहून घेतला आणि वधूपित्याच्या नावाशी थांबून विचारलं, “नावाच्या आधी कै. लावायचं ना?”

भामाकाकीने पुढे वाकून तो मजकूर बघितला.

“की श्री.?” त्याने माझ्याकडे बघितलं.

“ता नावच काढ,” भामाकाकी म्हणाली. “माझा घाल.”

“तुमचं खाली आहेच की, निमंत्रक म्हणून.”

“वर घाल. चेडू माझा आसा.”

“अहो, पण पत्रिकेवर बापाचं नाव नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील?”

“लोक येतले, जेवतले आणि घराक जातले.”

मालकाने पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काकी सांगतात तसं छापा. दोन दिवसांनी कच्चा कागद बघायला आम्ही गेलो. भामाकाकीला अक्षरं जेमतेम येत. तिने कागद उजेडाकडे धरला आणि विचारलं, “माझा नाव खंय आसा गो?” मी बोट ठेवलं. तिने ओठ हलवत ते दोनदा वाचलं.

“बरा दिसता,” ती म्हणाली.